शेळ्यांना चोथा, आपल्याला साखर

"ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची, इंदिरानगरला राहते, घरीच शिकवण्या घेते. दिवाळीत वजन कमी करायचं म्हणून हप्त्यावर कोल्ड प्रेस ज्यूसर घेतला. तेव्हापासून सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण बंद. त्याऐवजी एकेक मोठा ग्लास एबीसी ज्यूस. दोन सफरचंदं, एक बीट, तीन गाजरं. पहिल्या तीन आठवड्यांत ७४ ची ६९ झाले. सगळ्या विचारायच्या, काय करतेस गं? मग काटा अडला आणि आता पुन्हा ७२. केस फणीभर येतात. दुपारी चारला मी फरसाणाच्या डब्यापाशी उभी असते. तळहात पिवळे पडलेत. सासूबाई म्हणतात कावीळ आहे, उतरवून आणू. सासरे ७१ वर्षांचे, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना उपाशीपोटी कारल्याचा रस देते. परवा त्यांना दरदरून घाम फुटून चक्कर आली. मिस्टर जॉगिंग ट्रॅकबाहेरच्या गाडीवर दुधीचा रस पितात. एकदा तो कडू लागला, तर गाडीवाला म्हणाला, कडू तेवढा गुणकारी. माझं एचबीएवनसी ५.९ आलंय. माझं चुकतंय कुठे? सात दिवस फक्त ज्यूसवर राहून डिटॉक्स करावा का? आणि हो, चोथा वाया जात नाही हं, आमच्या कामाच्या मावशी शेळ्यांना नेतात. — एक वाचक"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा शेळ्यांवर हसले. दुसऱ्यांदा सासऱ्यांच्या चक्करपाशी थांबले. म्हणून क्रम बदलते. तुमचं वजन चार दिवस थांबू शकतं, घरातल्या दोन पुरुषांचं आधी.

सासऱ्यांचा कारल्याचा रस उद्या सकाळपासून बंद. कारल्यात साखर खाली आणणारे घटक आहेत, हे खोटं नाही. पण तेच काम त्यांची गोळीही करते. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न असो-नसो, त्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. अशी गोळी, वर कारल्याचा रस, आणि पोहे व्हायला साडेनऊ. एवढ्यावर ७१ वर्षांच्या माणसाला दरदरून घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं साहजिक आहे. परवा साखर मोजली होती का? पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा नाही. पुन्हा असं झालं तर आधी बोटाला सुई टोचून आकडा बघा. ७० च्या खाली असेल, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. यंत्र हाताशी नसेल तर मोजण्याची वाट बघू नका, साखर द्या. आणि याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना कारल्याचं सांगा. घरचं औषध म्हणजे औषध नव्हेच असं आपण धरतो आणि डॉक्टरांपासून नेमकं तेवढंच लपवतो. जाताना त्यांचा क्रिएटिनिनचा रिपोर्टही न्या. मूत्रपिंड थकलेलं असेल तर रसातून आणि शहाळ्यातून जाणारं भरपूर पोटॅशियमही त्यांना झेपणार नाही.

आता इथेच एक गंमत बघून ठेवा, पुढे लागणार आहे. साखर एकदम खाली गेलेल्या माणसाला साखरपाणी नसेल तर काय द्यायला सांगतात? अर्धा कप फळांचा रस. सबंध सफरचंद कुणी सांगत नाही. कारण रस काही मिनिटांत रक्तात चढतो आणि सफरचंद सावकाश चढतं. जी गोष्ट घाईच्या वेळी औषध म्हणून देतात, तीच तुम्ही रोज दोनदा, मोठ्या ग्लासातून, वजन उतरावं म्हणून पिताय.

मिस्टरांचा दुधीचा रस हा तर त्याहून तातडीचा विषय. दुधी, काकडी, दोडका, भोपळा ही सगळी एकाच वेलवर्गातली मंडळी. यांच्यात कुकुरबिटॅसिन नावाचं कडू विष तयार होऊ शकतं. नेहमीच्या दुधीत ते नगण्य असतं, पण एखादा दुधी कडूजहर निघतो आणि बाहेरून तो ओळखू येत नाही. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला साधा होता : रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेका, दुसऱ्या कुठल्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका, आणि प्यायल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा असं काही झालं तर तडक दवाखाना गाठा. या विषाला उतारा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात.

आपल्या आज्या हे न शिकता करत होत्या. काकडीचं टोक कापून घासायचं, फेस काढायचा, चकती जिभेला लावायची, मगच कोशिंबीर. दुधीची भाजी चिरतानाही एक फोड तोंडात जायची. गाडीवर पहाटे साडेपाचला वीस दुधी एकत्र दळले जातात, तिथे कोण चाखतंय? त्यातून "कडू तेवढा गुणकारी" हे वाक्य. कारल्यासाठी ते चालेल एक वेळ. दुधीसाठी ते धोक्याचं आहे. मिस्टरांना सांगा, कडू लागला तर तोंडातला घोटही थुंकायचा, पैसे दिलेत म्हणून संपवायचा नाही. खरं तर तो रसच सोडा. दुधीची चणाडाळ घालून भाजी करा. कडू दुधी मात्र शिजवूनही खाऊ नका, आचेने ते विष जात नाही.

आता तुमचे तळहात. सासूबाईंना म्हणावं, कावीळ उतरवायला कुठे जाऊ नका. आरशासमोर उजेडात उभ्या राहा आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढराच असेल तर ही कावीळ नव्हे, हे गाजर आहे. रोजची सहा गाजरं म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास. त्यातलं कॅरोटीन, म्हणजे गाजराचं केशरी रंगद्रव्य, शरीराला एवढं लागत नाही, ते त्वचेत साठतं. जिथे त्वचा जाड, म्हणजे तळहात आणि तळपाय, शिवाय नाकाच्या बाजूला, तिथे आधी पिवळं दिसतं. अपाय नाही. गाजरं कमी केली की काही आठवड्यांत रंग जातो. बिटाने लघवी लालसर होते, तेही काही जणांना होतंच, दचकू नका. डोळे पिवळे असतील किंवा लघवी गर्द चहासारखी असेल, तर मात्र बिलिरुबिन तपासायचं. आणि एक तपासणी मी तुम्हाला तशीही सांगणार आहे, थायरॉईडची. थायरॉईड मंद असेल तर कॅरोटीनचं अ जीवनसत्त्वात रूपांतर नीट होत नाही, केसही गळतात, वजनही हटत नाही. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. सगळं खापर ज्यूसरवर फोडण्याआधी टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-१२ एवढं बघून घ्या.

मग येऊ ज्यूसरकडे. तुमच्या ग्लासाचा हिशेब मी भाजीच्या पिशवीवर पेनाने मांडला, तसाच देते. दोन मध्यम सफरचंदांत तीसेक ग्रॅम साखर. बिटात सात. तीन गाजरांत नऊ. थोडी चोथ्यात राहते असं धरून ग्लासात चाळीसच्या आसपास उरते. म्हणजे आठ चमचे. दिवसाचे दोन ग्लास, सोळा चमचे. चहात अर्धा चमचा साखर कमी केली म्हणून आपण शेजारणीला सांगतो, आणि इथे सोळा.

तुम्ही म्हणाल, ताई, ही फळांची साखर, नैसर्गिक. हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल जो सल्ला दिला, त्यात 'मोकळी साखर' अशी एक कल्पना आहे. चहात घातलेली साखर मोकळी. मधातली मोकळी. आणि फळांच्या रसातलीही मोकळी. सबंध फळातली साखर मात्र त्यात धरलेली नाही. साखर तीच, मग भेद का? कारण सफरचंदात ती पेशींच्या भिंतीआड कोंडलेली असते. दातांनी चावायचं, जठराने घुसळायचं, मग ती हळूहळू बाहेर येणार. तुमचं यंत्र नेमक्या त्या भिंती फोडून गाळून टाकतं. संघटनेच्या मते अशी मोकळी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी हवी, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत. साधारण माणसासाठी पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. तुमच्या एका ग्लासातल्या नुसत्या सफरचंदांनीच ती मर्यादा ओलांडली.

आणि त्या फोडलेल्या भिंती गेल्या कुठे? शेळ्यांकडे. दोन सफरचंदं, एक बीट, तीन गाजरं यांत मिळून पंधरा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. मोठ्या माणसाला दिवसाला तीसेक ग्रॅम हवेत. म्हणजे दोन ग्लासांमागे जवळजवळ अख्ख्या दिवसाचा कोटा तुम्ही पिशवीत बांधून मावशींच्या हातात दिलात. त्या शेळ्यांची पचनं उत्तम असणार, मला खात्री आहे. तुम्ही बद्धकोष्ठाचं काही लिहिलेलं नाही, पण इसबगोलचा डबा घरात आलाय का, हे मी पैजेवर विचारते.

एकदा घरी करून बघा. आमच्या भिशीत मी केलं होतं. ओट्यावर सहा मोसंब्या ठेवल्या. तीन सोलून, फोडी करून एका मैत्रिणीसमोर, तीन पिळून ग्लासात दुसरीसमोर. ग्लासवालीने बोलता बोलता चार घोटांत संपवला आणि विचारलं, खायला काय केलंयस? फोडीवाली बिया काढत, साली चोखत, मधेच सुनेची गोष्ट सांगत दहा-बारा मिनिटं बसली होती. तिसऱ्या मोसंबीच्या चार फोडी तिने बाजूला सारल्या. "बास गं, पोट भरलं." तीन मोसंब्या सलग खाणं जड जातं. तीन मोसंब्या पिणं काहीच नाही.

हे नुसतं भिशीतलं नव्हे. इंग्लंडमध्ये १९७७ साली दहा जणांना सफरचंद तीन रूपांत देऊन पाहिलं होतं : सबंध, लगदा करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हींत सारखी. सबंध फळापेक्षा रस अकरा पट वेगाने संपला. रस प्यायलेल्यांचं पोट सगळ्यात कमी भरलं. इन्शुलिन मात्र रसाने जास्त उसळलं आणि मागोमाग रक्तातली साखर खाली घसरली. तुमची दुपारची चार वाजताची फरसाण-वारी मी यातच बघते. तुम्हाला वाटतं मन ताब्यात नाही. मन ठीक आहे हो, पोटात काही टिकणारं पडलंच नाही. आदल्या दिवशी रात्री रस, सकाळी रस, दुपारी घाईत दोन पोळ्या-भाजी आणि मग पाचची शिकवणी. फरसाण नाही खाणार तर काय खाणार?

आता पाच किलोंचं कोडं. ते उतरले हे खरं, आणि त्या तीन आठवड्यांत तुम्हाला काय आनंद झाला असेल तेही कळतं. पण उतरलं काय, ते बघा. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. जेवण एकदम तोडलं की पहिल्यांदा हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे जातं. यातच दीड-दोन किलो गेले. राहिलेल्यात काही चरबी, आणि काही स्नायू. हा शेवटचा भाग मला खुपतो. तुमच्या वजनाच्या बाईला दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या ग्लासात दोन-तीन ग्रॅम असतील नसतील. दोन जेवणं अशी गेल्यावर शरीर स्वतःच्या मांड्या-दंडांतून प्रथिनं काढतं. स्नायू गेले की विश्रांतीत जळणारी ऊर्जाही कमी होते. मग दोन घास जादा खाल्ले तरी काटा वर. परत आलेले तीन किलो बहुतेक पाणी आणि चरबी आहेत, गेलेले स्नायू आलेले नाहीत. केसांचंही तेच. केसांना उपासमार कळते, पण उशिरा. खाणं एकदम तोडल्यावर दोन-तीन महिन्यांनी ते गळायला लागतात, त्यामुळे दिवाळीतल्या ज्यूसरचा आणि आत्ताच्या फणीचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. नीट जेवायला लागलात की परत येतात. धीर हवा.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. ती ५.९ म्हणजे अजून मधुमेह नव्हे, पण पाऊल त्याच्या उंबरठ्यावर. ५.७ ते ६.४ हा तो पट्टा. रसामुळेच तो वाढला असं मी म्हणणार नाही, सासरी-माहेरी कुणाला साखर आहे, कंबर किती, झोप किती, बरंच काही त्यात येतं. तुम्हाला या दिवसांत सोळा चमचे परवडणार नाहीत, एवढं मात्र नक्की. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली जवळपास १ लाख ८७ हजार लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली. सबंध फळं खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, आणि रस जास्त पिणाऱ्यांत जास्त. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, कल तेवढा दिसतो. पण आपण नाशिककरांनी त्यातली एक ओळ कापून फ्रिजवर लावावी. ज्या सबंध फळांशी मधुमेहाचा धोका सर्वांत कमी जोडलेला दिसला, त्यांत ब्लूबेरी आणि सफरचंदाच्या बरोबरीने द्राक्षं होती. द्राक्षं! निफाड-दिंडोरीची गाडी दारात आली की इथले लोक "नको बाई, शुगर" म्हणून मान वळवतात आणि घरात जाऊन डाळिंबाचा रस पितात. मूठभर द्राक्षं एकेक करून खा. डाळिंबही सोलून खा. सटाण्याचा भगवा सोलायला पंधरा मिनिटं लागतात, हातांना डाग पडतात, तेवढ्यात एक पुरतं. ग्लासभर रसाला मात्र दोन-तीन डाळिंबं सहज जातात आणि ती संपायला मिनिट लागत नाही.

ज्यूसर विकणारे सांगतात की कोल्ड प्रेसमध्ये उष्णता नसते म्हणून जीवनसत्त्वं शाबूत राहतात. असेल थोडाफार फरक. साखर आणि चोथ्याच्या बाबतीत काडीचाही नाही. मिक्सरमधून सगळं फिरवून न गाळता प्यायलात तर तंतू निदान पोटात जातात, ते रसापेक्षा बरं. पण चावणं तिथेही गेलंच.

सात दिवसांच्या डिटॉक्सला माझं सरळ नाही. यकृत आणि मूत्रपिंडं ते काम रात्रंदिवस करतात, त्यांना बिटाची मदत लागत नाही. उलट अडचण होऊ शकते. अशा डिटॉक्सच्या यादीत पालक असतोच. पालकात आणि बिटात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडे बनवणारं द्रव्य, भरपूर. रोज ग्लासच्या ग्लास हिरवा रस घेऊन मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मुतखड्याची खोड असलेल्याने तर त्या वाटेला जाऊच नये. भाजीतली पालकाची जुडी चौघांत वाटली जाते, रसात ती एकटीच्या पोटात जाते. शिवाय घाईने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि त्रेचाळिशीतल्या बायकांना ती तशीही असते. हे वाचणारं कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर एक सूचना : पालकातल्या के जीवनसत्त्वाने काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिरव्या रसाला हात लावू नका.

मी हे सगळं सोवळ्यात बसून सांगत नाहीये. माझ्या गॅलरीत एकेकाळी गव्हांकुरांचे सात ट्रे होते. एकेका वाराचा एकेक. सोमवारचा कापायचा, वाटायचा, फडक्यातून पिळायचा, नाक दाबून प्यायचा. कुणीतरी सांगितलं होतं की हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिन दिसायला सारखे, म्हणून हे 'हिरवं रक्त'. सारखे आहेतही, पण एकाच्या मधोमध मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या मधोमध लोह. मॅग्नेशियमचं लोह आपल्या पोटात होत नाही. तीन महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन जिथल्या तिथे, ९.८. आईने ट्रे बघून एवढंच विचारलं, "गहू दळून पोळी का नाही करत?" शेवटी लोहाच्या गोळ्यांनी आकडा हलला. मी आहारशास्त्र शिकलेली, म्हणून ती लाज जरा जास्त दिवस टिकली.

तर आता करायचं काय. सकाळचा ग्लास आधी थांबवा, कारण पुढचा दिवस त्यावर ठरतो. त्या वेळी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि एक भाकरी, किंवा दोन अंडी आणि पोळी, किंवा मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही. आपल्या गावात मटकीला कमी नाही. मिसळीत दोष मटकीचा नसतो, वरच्या तर्रीचा आणि चौथ्या पावाचा असतो. त्याच गाजर-बिटाची दाण्याचं कूट आणि दही घालून कोशिंबीर करा. थोडी फोडणी वरून द्या, तेलासोबत कॅरोटीन जास्त अंगी लागतं. सफरचंद सालासकट, एकच, अकरा वाजता. पेरू मिळाला तर सफरचंदापेक्षा पेरू घ्या, स्वस्तही आणि तंतूही दुप्पट. रात्री डाळ, भाजी, एक-दोन भाकऱ्या, साडेआठच्या आत. चारच्या भुकेला भाजलेले चणे आणि ताक. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर, शिडी लागेल असा. गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणलीत, तर सफरचंदांवरचा तुमचा निम्मा खर्च वाचेल.

महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ. कुणी "काय करतेस गं" विचारणार नाही, ही त्यातली खरी अडचण आहे, मला ठाऊक आहे. स्नायू टिकायला चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचला. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्याही चालतील.

रस म्हणजे पाप असं मात्र डोक्यात घेऊ नका. उन्हाळ्यात रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की मीही थांबते. उसाच्या रसात दर शंभर मिलीलिटरला तेरा ते पंधरा ग्रॅम साखर असते हे ठाऊक असून थांबते, अर्धा ग्लास घेते, बर्फाचं पाणी कुठलं माहीत नसतं म्हणून बर्फ नको म्हणते. कवळी नीट बसत नाही अशा आजोबांना, तापातून उठलेल्या माणसाला वाटीभर मोसंबीचा रस हवाच. ती गरज आहे, किंवा मौज. तुम्ही त्याचं जेवण केलंत.

मिस्टर "एवढे पैसे घालवले" म्हणणार, तेही पत्रात ओळींमध्ये दिसलंच. यंत्र विकू नका. त्यातून ओल्या खोबऱ्याचं दूध छान निघतं, थोडं कोमट पाणी घालत काढा. रविवारी सोलकढी करा. सासूबाईंना आवडेल, आणि काविळीचा विषय मिटल्याबद्दल त्यांची समजूतही निघेल. हप्ते संपेपर्यंत एवढं तरी वसूल होईल.

मावशींना मात्र आधी सांगून ठेवा, शेळ्यांचा खुराक बंद होतोय. त्यांच्यासाठी मटाराची टरफलं बाजूला ठेवत जा.